थोरली आणि ऐच्छिक रकाने

रिकामा रकाना दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. याला रोग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, माझी बायको तसंच म्हणते. पण चौतीस वर्षं मी पाणीपुरवठा कार्यालयात लोकांचे अर्ज तपासले आहेत. एक रकाना राहिला म्हणून मी भल्याभल्यांना तीन जिने उतरून, घरी जाऊन, आजोबांचं जन्मवर्ष विचारून परत यायला लावलेलं आहे. नळाच्या जोडणीला आजोबांचं जन्मवर्ष कशाला लागतं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. रकाना होता, तो भरायचा होता, एवढंच मला कळत होतं.

त्यामुळे निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी बायकोने दूध संघाचा चार पानी अर्ज माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मला जेवायला वाढल्यासारखं वाटलं.

"अहो, हे तेवढं भरून द्या," ती म्हणाली. "पहिली तीनच पानं भरायची आहेत. चौथं ऐच्छिक आहे, सोडलं तरी चालतं म्हणाले."

'सोडलं तरी चालतं' हे वाक्य माझ्या कार्यालयात चौतीस वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही. मी पेनात शाई भरली.

गोठा माझ्या बायकोचा. मी कार्यालयात शिक्के मारत होतो त्या काळात तिने घरामागच्या जागेत तो उभा केला आणि चालवला. त्यात चार गाई. पहिली थोरली. हिच्यापासून गोठा सुरू झाला. वय सतरा, आणि दूध देणं बंद होऊन तीन वर्षं झालेली. म्हणजे निवृत्तीच्या बाबतीत ज्येष्ठता तिची, मी तिच्या मागून आलेला. दुसरी नखरेल. आणि उरलेल्या दोघींना आम्ही जावा म्हणायचो, कारण त्यांचं एकमेकींशी पटायचं नाही आणि एकमेकींवाचून चालायचंही नाही.

संघाची योजना अशी होती. गाई रवंथ करताना ढेकर देतात. त्या ढेकरांतून आणि उघड्या शेणातून एक वायू निघतो आणि त्याने हवा तापते. तर गोठेवाल्यांनी आपण होऊन, कुणाची सक्ती नसताना, हे प्रमाण कमी करावं. जो करून दाखवील त्याच्या फाटकावर संघातर्फे एक हिरवी पाटी लागेल. पाटीवर 'हरित गोठा' आणि खाली अर्जदाराचं नाव.

आता खोटं कशाला बोलू? मला पाटी हवी होती. कार्यालयात माझ्या टेबलावर माझ्या नावाची पितळी पाटी होती. निरोपाच्या दिवशी शिपायाने ती माझ्यादेखत काढली आणि मागच्या बाजूवर नव्या माणसाचं नाव कोरायला पाठवली. पितळ वाया जाऊ नये म्हणून. तेव्हापासून मला कुठेतरी स्वतःचं नाव लिहिलेलं बघायची फार इच्छा होती.

मी पान चार उघडलं. किती टक्के घट कराल? तीस लिहिलं. तीस हा आकडा भारदस्त दिसतो, पंचवीस म्हणजे घासाघीस केल्यासारखी वाटते. किती मुदतीत? सहा महिने. मग हो-नाहीचे पाच प्रश्न. शेणाचा खड्डा झाकाल का? हो. पूरक भुकटी चाराल का? हो. नोंदी ठेवाल का? हा काय प्रश्न झाला! हो. तपासणीला सहकार्य कराल का? हो. शेवटचा प्रश्न दोन ओळींचा होता: दूध न देणारी जनावरं किती, आणि मुदतीत ती गोठ्यातून कमी कराल का? 'एक' लिहिलं. मग पेन थांबलं. पण वर एकाखाली एक चार 'हो' सुरेख उतरले होते, मोत्यासारखे. तळाशी एक 'नाही' आला असता तर सगळं पान बिघडलं असतं. शिवाय पान ऐच्छिक, वाचतंय कोण? मी, ज्याने आयुष्यभर प्रत्येक पान वाचलं, त्याने हा विचार करावा, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मी 'हो' लिहिलं, टिपकागद दाबला आणि अर्ज नेऊन दिला.

पहिलं काम मोजणीचं. कमी किती झालं हे सांगायचं तर आधी किती होतं हे कळायला हवं. मी एक दोनशे पानी वही आखली, वर 'ढेकर नोंदवही' असं शीर्षक दिलं आणि स्टूल घेऊन गोठ्यात जाऊन बसलो. गाईचा ढेकर माणसासारखा जाहीर नसतो, ही पहिली अडचण.

"गळ्यात गोळा वर सरकताना दिसतो ना, त्याच्या जरा आधी बघा," बायको धार काढता काढता म्हणाली. "आणि बाजूला सरका. नखरेलला पुरुषमाणूस जवळ बसलेला आवडत नाही."

प्रत्येकीजवळ घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं. पहिल्या दिवशी चौघींचे मिळून पंचेचाळीस ढेकर भरले. त्या वेळी शेजारचे बँडमास्तर माझ्यामागे उभे होते आणि नुकतेच जेवून आले होते, ही गोष्ट मला तेव्हा महत्त्वाची वाटली नाही.

बँडमास्तरांची ओळख करून द्यायला हवी. पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेले. घरी सहा कोंबड्या, एक क्लॅरिनेट आणि जगातल्या प्रत्येक विषयावर एक मत. मत मागायला जावं लागत नाही, ते कुंपणावरून घरपोच येतं. त्यांनीही योजनेचा अर्ज घेतला होता, कोंबड्यांसाठी. पण स्वतःचं नाव सोडून त्यात काहीही न लिहिता परत दिला होता. मला त्यांची कीव आली होती.

दुसरं काम भुकटीचं. समुद्रातल्या शेवाळाची हिरवट भुकटी, चाऱ्यात चमचाभर मिसळली की ढेकर घटतात. पुडक्यावर असं लिहिलेलं असतं. पुडकं उघडल्यावर काय वास येतो ते लिहिलेलं नसतं. नखरेलने हुंगून अशी जोरात फुंकर मारली की सगळी भुकटी माझ्या चष्म्यावर बसली. जावांनी पहिल्यांदाच एकमत करून पाठ फिरवली.

"अहो साहेब, आधी तुम्ही खाऊन दाखवा!" कुंपणावरून मत आलं. "पोरांना औषध देताना आपण काय करतो? स्वतः खाल्ल्यासारखं करतो. जनावर म्हणजे पोरच!"

मी खाल्ल्यासारखं करणार होतो. पण खोटेपणा जनावराला कळतो म्हणून चिमूटभर खरोखर तोंडात टाकली, वर मूठभर कोरडा चाराही घेतला आणि नखरेलकडे बघून 'अंऽऽ, मस्त' असं म्हणालो. नेमकी त्याच वेळी बायको बादली घेऊन आत आली. तिने बादली खाली ठेवली.

"भूक लागली होती तर हाक मारायची," ती म्हणाली. "मी काय नाही म्हटलं असतं?"

मग तिने ती भुकटी उसाच्या मळीत कालवली आणि घमेलं आधी थोरलीपुढे सरकवलं. थोरलीने तोंड घातलं, शांतपणे चाटलं, मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. बाकीच्या तिघींनी मुकाट्याने खायला सुरुवात केली. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथे सगळ्या गाईंत म्हातारी शहाणी होती. हे मी डोळ्यांनी बघितलं, आणि त्याची नोंद मात्र केली नाही. त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

तिसरं काम शेणाच्या खड्ड्याचं. मी जाड प्लास्टिकचा कागद आणला, खड्ड्यावर ताणला आणि कडेने विटा रचल्या. काम नीटनेटकं झालं होतं. इतकं नीटनेटकं, की वायूला बाहेर पडायला जागाच राहिली नाही. पाचव्या दिवशी कागद गुडघाभर फुगला, आठव्या दिवशी कमरेएवढा. दहाव्या दिवशी तो कुंपणाच्या वर आला आणि रस्त्यावरून दिसू लागला. लोक थांबून बघायचे. बँडमास्तर त्यांना माहिती सांगायचे, काही माहिती नसताना. अकराव्या दिवशी बांधकाम खात्याचा माणूस आला आणि त्याने माझ्या हातात नोटीस ठेवली. विनापरवाना पहिला मजला चढवल्याबद्दल.

"हा मजला नाही, शेण आहे," मी म्हणालो.

"वापर कशाचा, तो प्रश्न नाही. उंचीचा प्रश्न आहे," तो म्हणाला. त्याचं काम चोख होतं, त्यामुळे मला त्याचा रागही धड येईना. शेवटी बायकोने नळवाल्याला बोलावलं. त्याने कागदाला एक पाइप जोडला, पाइपाला शेगडी जोडली, आणि गोठ्यात भांडी धुवायला गरम पाणी मिळू लागलं. मजला आपोआप खाली बसला. नोटिशीला मात्र 'मजला उतरवला' असं लेखी उत्तर द्यावं लागलं, तीन प्रतींत. तो माझ्या त्या वर्षातला सर्वांत सुखाचा दिवस होता.

एवढं सगळं मार्गी लागलं. ढेकर पंचेचाळीसवरून चाळिसावर आले, दूध होतं तेवढंच राहिलं, रोज चाळीस लिटर. दर लिटरला एक ढेकर, असा सुबक हिशेब बसला होता. पाटी कुठल्या खिळ्यावर लावायची हेही मी फाटकावर खडूने आखून ठेवलं होतं. आणि मग संघाचं पत्र आलं.

पत्र साधं होतं. 'आपण पान चारवर आपणहून दिलेल्या संमतीनुसार, दूध न देणारं एक जनावर कमी करण्यासाठी येत्या पंधरा तारखेला सकाळी आमची गाडी येईल. जनावराचा दोर सोबत द्यावा.'

मी ते दोनदा वाचलं आणि कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवलं. म्हणजे ढेकर नोंदवहीत, कारण ती वही आपणहून कुणी उघडेल असं मला वाटलं नव्हतं. बायकोने दुसऱ्याच दिवशी उघडली. तिला वाटलं, माणूस एवढा रमलाय तर बघावं तरी काय लिहितो, चार शब्द कौतुकाचे बोलावेत.

मी आत आलो तेव्हा ती पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होती.

"दूध न देणारी जनावरं किती, तर एक लिहिलंत," ती म्हणाली. "मोजणीत चूक झाली तुमची."

मी म्हणालो, "अगं, वर चार 'हो' होते..."

"पंधरा वर्षांपूर्वी तुमची बदली झाली होती, आठवतं?" ती म्हणाली. "तुम्ही तिकडे, मी इथे एकटी. तेव्हा घेतली ही. अंगणात ती आणि घरात मी. आता तुम्ही 'हो' लिहून मोकळे झालात. जाऊ दे. लिहिलंय ना, मग जाऊ दे."

तिने पत्राची घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि गोठ्यात निघून गेली. खिडकीतून मला दिसत होतं. ती थोरलीला ब्रशने घासत होती, जिथे आधीच स्वच्छ होतं तिथे पुन्हा पुन्हा. मला स्वतःची एवढी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी संघाच्या कार्यालयात गेलो. चौतीस वर्षं खिडकीच्या आत बसल्यावर बाहेर उभं राहिलं की कळतं, खिडकी किती खाली असते. मान वाकवावी लागते. आपण ती मुद्दाम तशी केलेली नसते, पण बरी पडते.

"संमती रद्द करायची आहे," मी आतल्या कारकुनाला म्हणालो. "ऐच्छिक होती."

"देताना ऐच्छिक होती," तो म्हणाला. "आता ती नोंद झाली." त्याने एक अर्ज सरकवला. "कारण लिहा. तिनातलं एकच चालेल."

कारणं अशी होती: एक, जनावर मृत. दोन, जनावर विकलं. तीन, अर्जदार मृत. मी तिसऱ्यावर बराच वेळ विचार केला. घरी जाऊन बायकोला विचारलं असतं तर तिनेही कदाचित हरकत घेतली नसती. शेवटी मी कारणाची जागा सोडली आणि बाकी सगळं भरून अर्ज आत दिला. हातून जन्मात पहिल्यांदा असं पाप घडलं होतं. त्याने बोट फिरवत फिरवत नेमकं त्या जागेवर आणून ठेवलं.

"काका, हा रकाना रिकामा आहे," तो म्हणाला. अगदी सौम्यपणे. मी म्हणायचो तस्साच. मी अर्ज उचलला आणि जिना उतरलो. तीनच मजले होते, पण मला फार वाटले.

घरी येऊन, काही पळवाट सुचवतील म्हणून, गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांना वाटलं, मला थोरलीला पाठवायची सोय विचारायची आहे. "एकदम नेऊ नका," ते म्हणाले. "बाकीच्या बावरतील. आधी आठवडाभर नजरेआड बांधा, सवय होऊ द्या."

दुसरा मार्ग दिसत नव्हता. नजरेआड म्हणजे बँडमास्तरांकडे. ते आनंदाने तयार झाले. "आणा, आणा! मी तिला संगीत ऐकवतो. संगीताने म्हातारपण सुसह्य होतं, माझं बघा!" बायकोने थोरलीचा दोर माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. मी थोरलीला घेऊन फाटकाबाहेर पडलो, खडूने आखलेल्या पाटीच्या जागेजवळून. ती जागा मी मुद्दाम बघितली नाही.

त्या संध्याकाळी धारेच्या वेळी नखरेल गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना. रोज थोरली आधी आत जायची, आपल्या खुंट्याजवळ उभी राहून रवंथ करायची आणि मग बाकीच्या जायच्या. आता दार होतं, आत जाणारं कुणी नव्हतं. जावा तिच्या मागे उभ्या. बायकोने चुचकारलं, मळीचं घमेलं दाखवलं. मी मागून ढकललं, तर लाथ बसली. दुभत्या गाईच्या लाथा गोड असं म्हणणाऱ्याला ती बसलेली नसावी. कशाबशा आत आल्या तर दूध सोडीनात. बायको प्रत्येकीपाशी अर्धा-अर्धा तास बसली. सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीस लिटर यायचं, दुसऱ्या दिवशी तीस आलं. तिसऱ्या दिवशी सव्वीस. पाचव्या दिवसापासून बावीस.

कुंपणापलीकडे वेगळीच कथा चालू होती. बँडमास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं की थोरली हंबरायची आणि इकडून तिघी उत्तर द्यायच्या. सूर चुकला की जास्तच हंबरायची. चौथ्या दिवशी बँडमास्तर कुंपणाशी आले, चेहरा उतरलेला. "साहेब, हिला कान आहे," ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं. न्या हो परत." सहाव्या दिवसापासून त्यांच्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं.

इकडे मी सवयीने नोंद ठेवतच होतो. दुसरं काय येतं मला? चौदा तारखेच्या दुपारी जेवणाच्या टेबलावर वही उघडून आकडे जुळवत बसलो. बायको समोर भाजी निवडत होती. बोलत नव्हतीच. थोरलीचे आठ ढेकर वजा गेले होते, चाळिसाचे बत्तीस झाले होते. छान. मग मी त्याला दुधाने भागलं. बत्तीस ढेकर, बावीस लिटर. मी पुन्हा भागलं. मग उलटा भागाकार करून पडताळा घेतला.

"अगं," मी म्हणालो, "दर लिटरमागे एक ढेकर होता. आता जवळजवळ दीड झालाय."

तिने मान वर केली नाही. "मग?"

"मग म्हणजे? थोरली गेल्यावर कमी नाही झालं, वाढलंय! ती दूध देत नाही, पण बाकीच्यांचं दूध तिच्यामुळे येतं!"

आता तिने मान वर केली. "हे," ती म्हणाली, "तुम्हाला दोनशे पानं आखून कळलं?" पण चिडून नाही म्हणाली. आठ दिवसांतलं ते तिचं सर्वांत लांब वाक्य होतं आणि मला ते फार गोड वाटलं.

पंधराला सकाळी गाडी आली. तिच्यासोबत गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या एक तपासणी मॅडम. मी फाटकातच वही उघडली. सहा महिन्यांच्या नोंदी, आखणी, बेरजा, लाल शाईने प्रमाण. मॅडमनी दोन पानं उलटली आणि ओठ घट्ट मिटले. हसू आवरत होत्या हे मला उशिरा कळलं.

"काका, आम्ही ढेकर मोजत नाही," त्या म्हणाल्या. "चारा किती खाल्ला आणि दूध किती दिलं, त्यावरून काढतो."

सहा महिने मी स्टुलावर बसलो होतो. लाथ खाल्ली, शेवाळ खाल्लं. मी वही मिटली. तेव्हा बायको पुढे झाली.

"चाऱ्याची आणि दुधाची वही माझ्याकडे आहे," ती म्हणाली आणि गोठ्यातल्या खुंटीवरची एक मळकट वही काढून दिली. पंधरा वर्षांची. आखणी नव्हती, समास नव्हता, एका पानावर तर किराणाही लिहिला होता. मॅडमनी त्यातले आकडे आपल्या यंत्रात भरले आणि भुवया वर केल्या. पुन्हा भरले.

"आठ दिवसांत प्रमाण एवढं वर कसं गेलं?"

"सांगून पटायचं नाही," बायको म्हणाली. "थांबा जरा. अहो, तिला घेऊन या."

मला जावंच लागलं नाही. थोरलीने बायकोचा आवाज ओळखला असावा. बँडमास्तरांच्या अंगणातून काहीतरी उपटल्याचा आवाज आला, मग "अहो, माझा खांब!" असं ओरडणं. आणि थोरली फाटकातून आत आली. मागे दोर, दोराच्या टोकाला कपडे वाळत घालायचा खांब आणि खांबावर बँडमास्तरांचा एक सदरा. गाडीकडे, मॅडमकडे, माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ गोठ्यात गेली, आपल्या खुंट्याशी उभी राहिली आणि रवंथ करू लागली. तिच्यामागे नखरेल गेली. तिच्यामागे जावा.

बायकोने बादली घेतली. पहिल्या धारेचा आवाज झाला तेव्हा तिने डोळे पुसले, कोपराने, हात ओले होते म्हणून.

मॅडम गोठ्याच्या दारापर्यंत आल्या. "ही दूध देत नाही," त्या म्हणाल्या, "पण ही नसली तर इतर देत नाहीत. आमच्या अर्जात यासाठी रकानाच नाही."

"जोडता येईल," मी पटकन म्हणालो. "मी आखून देतो."

"नको," मॅडम आणि बायको एकदम म्हणाल्या.

मॅडमनी गाडीवाल्याला परत जायला सांगितलं. मग पेटीतून कोरं पान चार काढलं. "तपासणीत घट होण्याऐवजी वाढ दिसली तर संमतीचं पान बदलून घेता येतं. जुनं मी रद्द करते. भुकटी आणि खड्डा चालू ठेवा, त्याचा उपयोग झालाय. हिला हलवण्याआधीपर्यंत खरी घट नऊ टक्के आली."

"अकरा," मी म्हणालो. "पंचेचाळीसचे चाळीस झाले, म्हणजे अकरा."

"यंत्रात नऊ येतंय."

मी मनात हिशेब केला आणि मला तो पहिला दिवस आठवला, आणि माझ्यामागे जेवून उभे राहिलेले बँडमास्तर. पंचेचाळिसात एक ढेकर त्यांचा होता. चव्वेचाळीसचे चाळीस म्हणजे नऊच. मी त्यांच्याकडे बघितलं. ते अजून खांब सोडवत होते.

"तीस मात्र नाहीत," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळे पाटी मिळणार नाही. पण नऊ खरे आहेत, ते मी लिहून नेते. आणि हे नवं पान फक्त सही करून द्या. वरचं काही भरू नका."

मी पान घेतलं. सात प्रश्न, सात पांढरेशुभ्र रकाने. "मॅडम, 'लागू नाही' लिहू का?"

"नको."

"नुसती आडवी रेघ?"

"काहीच नको, काका. रिकामं. नाहीतर पुन्हा गाडी येईल."

मी गोठ्याकडे बघितलं. थोरली माझ्याकडे बघत रवंथ करत होती. एक ढेकर दिला तिने. मी तो मोजला नाही. पानाच्या अगदी तळाशी सही केली, डोळे अर्धे मिटून, आणि पान मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी त्याची प्रत मला दिली आणि निघाल्या.

पुढच्या महिन्यात पाट्या वाटल्या गेल्या. बँडमास्तरांना मिळाली. त्यांनी काहीच कबूल केलं नव्हतं आणि ते तंतोतंत पाळलं होतं. पाटी त्यांच्या फाटकावर आहे, माझ्या खिडकीतून स्पष्ट दिसते.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मॅडम गेल्यावर बायकोने चहा केला आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा स्वतःचा कप माझ्यासमोर ठेवून बसली. टेबलावर ती प्रत होती. तिने ती ओढून घेतली, वरपासून खालपर्यंत बघितली आणि शेवटच्या प्रश्नापुढच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

"बरा दिसतो की हो रिकामा," ती म्हणाली.

मी "हं" म्हणालो आणि पेनाला टोपण लावून ते तिच्याकडे सरकवलं, कारण हाताचा भरवसा नव्हता.